गोकाकचं पाणी पावसाळ्यातच टिपून ठेवा

बेळगावातल्या दुकानांसाठी जाहिरातीचं काम करत असाल, तर शूटिंगचा हंगाम जुलै ते सप्टेंबर. बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकला घटप्रभा नदी साधारण ५२ मीटर खाली कोसळते, पण उन्हाळ्यात वरचं हिडकल धरण पाणी अडवून धरतं आणि कॅमेऱ्यात नुसता खडक येतो. एखाद्या रविवारी धबधबा, करदंटाची (तिथल्या सुकामेवा-डिंकाच्या मिठाईची) दुकानं, लाकडी खेळणी असं सगळं टिपून ठेवा, दिवाळीच्या पोस्टना कामाला येतं. लेन्स पुसायला मऊ फडकं घ्या, तुषार लांबवर उडतात.

खरं डोकं लागतं ते पाटीच्या डिझाइनला. २०२४ च्या कायदेदुरुस्तीनुसार कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये लागतो. म्हणून आधी कन्नड बसवा, मराठी उरलेल्या जागेत. उलट केलंत की सगळं पुन्हा मांडा! कन्नड जोडाक्षरातलं दुसरं अक्षर बहुधा ओळीखाली उतरतं, तेव्हा दोन ओळींत अंतर जरा सढळ सोडा. आणि छपाईआधी प्रूफ कन्नड वाचणाऱ्या कुणाला तरी दाखवाच. फॉन्ट बदलला की अक्षरं तुटतात, आपल्याला पत्ताही लागत नाही.