उन्हाळ्यात गिटारची पाठ तडकायची, त्यावरचा इलाज

आमच्या गडचिरोलीकडं मे महिन्यात पारा ४५ च्या घरात अन् हवा इतकी कोरडी, की पावसाळ्यात बनवलेल्या गिटारची शिसवाची पाठ रेषेरेषेनं तडकून जायची. आता पाठीच्या आतल्या आडव्या पट्ट्या मी फक्त कोरड्या दिवसांतच चिकटवतो, मग पावसाळ्यात पाठ थोडी फुगते पण फाटत नाही. वरच्या, तारांखालच्या पाटीला शिवण झाडाचं लाकूड, हलकं अन् कमी वाकणारं, फळीच्या टोकाला रेषा उभ्या दिसल्या तरच आरामशीनवाल्याकडून घ्यायचं. टोकांना मेण लावून सावलीत थप्पी, मधेमधे वजन करायचं, उतरणं थांबलं की लाकूड तयार. मानेचं सागवान तेलकट, चिकटवायच्या जरा आधी ॲसिटोननं पुसाच भाऊ.