पळायला जाताय? आधी घड्याळ बघा

परदेशातल्या लष्करी तळावर कामाला असाल तर पहाटे पळायला निघण्याआधी मनगटावरच्या घड्याळाचं जीपीएस बंद करा. नुसतं फोनचं लोकेशन बंद करून भागत नाही. बरीच घड्याळं स्वतःच वाट टिपतात आणि नंतर ॲपला जोडली की सगळं वर चढवतात. जानेवारी २०१८मध्ये हेच उघड झालं. स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवणाऱ्या ॲपने वापरणाऱ्यांच्या वाटा उजळून दाखवणारा जागतिक नकाशा काढला होता; त्यावर, आजूबाजूला मिट्ट काळोख असताना, तळांच्या कुंपणालगतच्या वाटा लख्ख उजळलेल्या दिसल्या. नावं नव्हती, पण रोजची ये-जा कुठून होते ते कळत होतं. व्यायाम मोजायचाच असेल तर ‘इनडोअर रन’ लावा, त्यात सहसा जीपीएस लागत नाही. अंतर थोडं चुकेल, चुकू दे. आणि घरी सेल्फी धाडण्याआधी पाठीमागे काय उभं आहे तेही बघा.