काजवे बघायला निघण्याआधी

भंडारदऱ्याला लेकराबाळांसह काजवे बघायला जायचं, तर तयारी बॅगेपासून नाही, कॅलेंडरपासून सुरू करा. काजव्यांचा बहर साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. वळवाच्या एकदोन सरी पडल्या की तो वाढतो, पावसाने जोर धरला की ओसरतो. त्या दिवसांत अमावास्या कधी आहे ते बघा आणि तिच्या मागचे-पुढचे दिवस धरा. वटपौर्णिमेच्या सुमारास चांदण्यात निम्मी मजा जाते. शनिवार-रविवार टाळाच. रतनवाडी-घाटघरचा रस्ता अरुंद, आणि गाड्यांच्या रांगेत अडकलं की समोरच्याच्या दिव्यांखेरीज काही दिसत नाही.

मुक्काम शेंडी गावात किंवा आसपास आधीच ठरवा. घरगुती सोय असेल तर जेवणाचं फोनवरच सांगून ठेवा: किती माणसं, मुलांना तिखट चालतं का, नागलीची भाकरी हवी का. गावातलाच एखादा वाटाड्याही तेव्हाच सांगून ठेवावा, कारण यंदा कुठल्या झाडांवर काजवे उतरलेत हे त्यालाच ठाऊक असतं. पेट्रोल घोटीत भरून घ्या. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन विभागाच्या नाक्यावर प्रवेश शुल्क भरावं लागतं, आत किती वाजेपर्यंत थांबता येईल तेही तिथेच विचारा. मोबाइलची रेंज भरवशाची नाही, म्हणून रोख पैसे जवळ हवेत.

आता मुख्य तयारी, उजेड आवरण्याची. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एका तालात लुकलुकतात ते जोडीदाराला खूण करायला. आपला एक झगझगीत झोत पडला की ती खूण हरवते. म्हणून विजेरी न्या, पण तिच्या काचेवर लाल जिलेटिन कागद रबराने बांधून, आणि ती फक्त पायाखाली धरा. फोनचा फ्लॅश घरीच बंद करा. बऱ्याच नव्या गाड्यांचे पुढचे दिवे इंजिन चालू असेपर्यंत आपोआप विझत नाहीत. ते कसे बंद होतात हे निघण्याआधी शोधून ठेवा. आणि मुलांचे ते चालताना लखलखणारे बूट! ते घरीच राहू द्या, साधे बंद बूट घाला. लांब बाह्यांचे कपडे, पूर्ण पँट. डासांचं मलम मुक्कामावरच चोळा; झाडाखाली फवारा मारायचा नाही. काजव्यांची अंडी-अळ्या ओल्या मातीत, पाचोळ्यात असतात, तेव्हा वाट सोडून झाडाच्या बुंध्यापर्यंत जायचं नाही, हे मुलांना आदल्या दिवशीच समजावा. बाटलीत काजवे भरायचा हट्टही तेव्हाच मोडून काढा. मोठ्यांनाही सांगावं लागतं, त्यांनाच जास्त.

दिवस मोकळा ठेवा. लहान मुलांना घेऊन त्या उन्हात कळसूबाई नको. १९२६ साली पूर्ण झालेलं प्रवरेवरचं विल्सन धरण आणि रतनवाडीचं अमृतेश्वराचं कोरीव देऊळ एवढं सकाळी पुरे. धरणातून पाणी सोडलेलं नसेल तर रंधा धबधब्याला मेमध्ये जाऊन हिरमोड होतो. दुपारी मुलांना झोपवाच, नाहीतर अंधार पडेपर्यंत ती पेंगतात आणि तुम्ही त्यांना खांद्यावर घेऊन फिरता.

बॅगेत छत्रीऐवजी रेनकोट, एक जादा कपड्यांचा जोड, घाटात उलटी होणाऱ्यांसाठी गोळ्या, पाणी, कोरडा खाऊ आणि कचऱ्याची पिशवी. परतताना रस्त्याकडेला करवंदं-जांभळं घेऊन बायका बसलेल्या असतात; त्यासाठी दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा आणि एक रिकामा डबा वेगळा ठेवा, पिशवीत जांभळं चेंगरतात.