राजकारणावर न पटणाऱ्यांनी स्वीडिश पोलीसकथा एकत्र कशी वाचावी

राजकारण निघालं की ज्यांचा आवाज चढतो, अशा चार ते सहा जणांसाठी ही पद्धत आहे. पुस्तक माय शोवाल आणि पेर वालो यांचं घ्या. या जोडप्याने १९६५ ते १९७५ दरम्यान मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या. दोघंही मार्क्सवादी, पण पुस्तकांतलं राजकारण त्यांनी हळूहळू वाढवत नेलं. गटात लवकर ठिणगी पडत असेल तर पहिली, ‘रोझाना’, घ्या. एरवी चौथी, ‘द लाफिंग पोलिसमन’ (१९६८), सर्वांत चांगली. दहाव्या कादंबरीपासून मात्र सुरुवात नको. तिथे लेखकांचा राग इतका उघड आहे की विरुद्ध मताचा वाचक पुस्तक मिटून ठेवतो.

प्रत्येक कादंबरीत ३० प्रकरणं आहेत. रोज एक वाचा, दर दहा प्रकरणांनंतर तासाभराची बैठक घ्या. पुढे वाचलेल्याने खुनाविषयी अवाक्षर काढायचं नाही. आवृत्त्या वेगळ्या असतील तर पानाऐवजी प्रकरणाचा आकडा सांगा. नावांचा गोंधळ हमखास होतो, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर पात्रांची यादी ठेवा. नावाच्या शेवटी ‘गातान’ आलं तर ती गल्ली किंवा रस्ता, एवढं कळलं तरी अर्धं स्टॉकहोम सुटतं.

वहीत दोन रकाने आखा. डावीकडे पुस्तकात काय घडलं, प्रकरणाच्या आकड्यासह. उजवीकडे आपलं मत. डावीकडे नोंद नसेल तर उजवीकडचं मत बैठकीत मांडता येणार नाही. चौथ्या कादंबरीची सुरुवात बघा: नोव्हेंबर १९६७, पाऊस, अमेरिकन वकिलातीसमोर व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शनं आणि पोलिसांचा मोठा फौजफाटा. त्याच रात्री एका दुमजली बसमध्ये नऊ जणांवर गोळ्या झाडल्या जातात. पोलीस कुठे होते, काय करत होते, हे आधी सगळ्यांनी मिळून डावीकडे लिहा. त्यावरून एकजण ‘पोलीस चुकीच्या जागी वापरले’ म्हणेल, दुसरा ‘बंदोबस्त लागतोच’ म्हणेल. पुराव्यावर एकमत आणि निष्कर्षावर वाद, हा तपासकथेतला आनंद भांडणातही मिळतो, तो इथेच.

सर्वांत मोठी चूक होते ती पार्श्वभूमी न कळल्याने. स्वीडनमध्ये १९३२ पासून १९७६ पर्यंत, १९३६ मधले काही महिने वगळता, सोशल डेमोक्रॅट सत्तेत होते. पोलीस दल १९६५ मध्ये राष्ट्रीय झालं. म्हणजे इथे डावे लेखक डाव्या पक्षाच्याच सरकारला धारेवर धरतात. हे पहिल्याच बैठकीत सांगा, नाहीतर प्रत्येकजण टीका आपापल्या सोयीच्या पक्षावर ढकलतो. पात्राचं बोलणं लेखकाच्या तोंडी घालणं ही दुसरी चूक. बेकचे सहकारी कोलबर्ग आणि गुन्वाल्ड लार्सन यांचं एकमेकांशी अजिबात जमत नाही, तरी दोघं एकाच खुनाचा तपास करतात; मग कुणाचं बोलणं लेखकाचं मानणार? ‘आपल्याकडे तर…’ ही वाक्यं शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी राखून ठेवा.

पुढचं पुस्तक हेनिंग मांकेल यांचं ‘फेसलेस किलर्स’ (१९९१). त्यात मरणाऱ्या म्हातारीचा शेवटचा शब्द असतो ‘परदेशी’. तो शब्द पोलिसांनी लोकांना सांगावा का, याचं उत्तर वाचण्याआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून ठेवा आणि पुस्तक संपल्यावर सगळ्यांसमोर उघडा.