थंडीसाठी खुराड्यात तूस टाकण्याआधी

तूस वाळवा. बाकी सगळं नंतर सांगते, आधी हे. गेल्या डिसेंबरात माझ्या 60 पिल्लांपैकी 19 गेली ती थंडीने नव्हे, ओल्या तुसाने.

आमच्या निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा 5-6 अंशांवर येतो, त्यामुळे खाली गादी हवीच. जुनं लिटर म्हणजे खालची विष्ठा मिसळलेली गादी काढणं, जमीन खरवडून चुना मारणं, मुंगूस शिरेल अशी जाळीतली भोकं बुजवणं हे तुम्ही करताच. जमीन काळी असेल तर मात्र आधी मुरूम टाकून धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट बसवा. काळ्या मातीतून ओल वर येते आणि वरची गादी खालून सडत जाते, वरून काही दिसत नाही.

आता काय पसरायचं. भाताचं तूस सगळ्यात बरं: हलकं, पायाला ऊब देणारं, उकरायला सोपं. इगतपुरीच्या भातपट्ट्यातून ते सहज मिळतं. लाकडाचा भुसा चालतो, पण जाडसर रंध्याचा घ्या. पिठासारखा बारीक असला तर पिल्लं तोच खातात. प्लायवूडचा तर नकोच, त्यात डिंक आणि रसायनं असतात. उसाचं चिपाड पाणी धरून ठेवतं आणि त्याची पापडी होते. भुईमुगाच्या टरफलांना बुरशी लवकर लागते. वाळू उन्हाळ्यात छान, थंडीत पायाखाली गार पडते. बाहेरच्या जाळीतल्या मोकळ्या जागेत मात्र वाळलेला पालापाचोळा किंवा गव्हाचं काड टाका, कोंबड्या दिवसभर उकरत बसतात.

थर पिल्लांना 3 ते 4 इंच. 10 बाय 10 फुटांच्या जागेला 4 इंचाने साधारण 100 किलो तूस लागतं. थोडं जास्तच आणा, बदलायला लागतं.

आणि आता पुन्हा तेच, कारण इथेच माझं चुकलं. परतीच्या पावसात गिरणीबाहेर पडलेल्या पोत्यांतलं तूस मी घेतलं. वरून कोरडं खडखडीत होतं. मी वरचीच मूठ पाहिली आणि त्याच संध्याकाळी पसरलं. आठवड्याने पिल्लं मान लांब करून, चोच उघडी ठेवून श्वास घ्यायला लागली. सर्दीत घरघर येते तसा आवाज नव्हता, नुसती चोच उघडी. पशुवैद्यांनी मेलेलं पिल्लू उघडून फुप्फुसातल्या पिवळसर गाठी दाखवल्या. बुरशीचा रोग, अ‍ॅस्परजिलोसिस. त्याला खात्रीचं औषध नाही, हे तेव्हा कळलं.

म्हणून पोत्याच्या मध्यापर्यंत, कोपरापर्यंत हात घाला. आत कोमट लागलं, कुबट वास आला, करड्या गुठळ्या हाताला लागल्या तर ते पोतं परत करा. वाळवून बुरशी जात नाही. धूळ होऊन नाकात जाते, ते जास्त वाईट. चांगलं वाटलेलं तूसही ताडपत्रीवर 2 इंच पातळ पसरून दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, दुपारी फावड्याने पालटा. आणि ऊन उतरायच्या आत गोळा करा! रात्रभर बाहेर राहिलं तर दव सगळी मेहनत भिजवून टाकतं. सकाळी मूठ आवळून पाहा. गोळा झाला तर अजून एक दिवस. घाई करू नका, पिल्लं यायचा दिवस ठरला असला तरी. तूस त्याआधी किमान आठ दिवस घरात हवं.

पसरल्यावर पहिले तीन-चार दिवस वर कागद. पाण्याची भांडी विटेवर ठेवा. भांड्याखालचं ओलं तूस रोज काढून कोरडं टाका, नाहीतर रक्ती हगवण लागते. आठवड्यातून दोनदा गादी हलवा. पडदे रात्री पूर्ण बंद नकोत, वर फूटभर फट ठेवा. सकाळी आत वाकल्यावर डोळे चुरचुरले तर अमोनिया साठलाय, फट वाढवा आणि गादी बघा. होळीनंतर काढलेलं लिटर कुजवून मगच वांग्याला घाला.

यंदा माझी पिल्लं 20 तारखेला येतायत. तूस 9 तारखेला आणलं, आज तिसरं ऊन आहे. साडेचार वाजले की गोळा करायला उठते.