परक्या फौजेच्या पहाऱ्यातली निवडणूक कशी तपासावी

३० जानेवारी २००५, रविवारची रात्रपाळी. इराकमध्ये सद्दामनंतरची पहिली निवडणूक होती आणि परदेशाचं पान माझ्याकडे होतं. संध्याकाळी एजन्सीवर आकडा आला, ७२ टक्के मतदान. सांगणारा तिथल्या निवडणूक आयोगाचाच अधिकारी, त्यामुळे शंका घ्यावी असं मनातही आलं नाही. ‘बॉम्बहल्ल्यांना न जुमानता इराकमध्ये ७२ टक्के मतदान’ असा आठ कॉलमी मथळा दिला, शाई लावलेलं बोट उंचावणाऱ्या बाईचा फोटो लावला, पान सोडलं आणि चहाला गेलो. परत येतो तो आयोगाने शब्द फिरवलेला. आकडा अंदाजाने दिला होता म्हणे, साठच्या आसपास धरा. तोवर डाक आवृत्ती निघून गेली होती. १३ फेब्रुवारीला निकाल लागला तेव्हा मतदान भरलं ५८ टक्के.

खुलासा छापून ते प्रकरण मिटलं. पण मला खरी चूक पुढे उमगली. ५८ हा आकडा बरोबर होता आणि तरी दिशाभूल करत होता, कारण सुन्नीबहुल अनबार प्रांतात मतदान झालं होतं २ टक्के. कुर्द भागात आणि शिया दक्षिणेत रांगा, सुन्नी पट्ट्यात शुकशुकाट. या दोहोंची सरासरी काढून मी वाचकांपुढे ठेवली होती.

तेव्हापासून अशा निवडणुकीची बातमी आली की मी वहीचं एक जोडपान उघडतो. डावं पान मतदानाच्या आधीचं, उजवं नंतरचं. मतदानाच्या दिवसाला जागा मधल्या शिवणीत. नोकरी संपली, सवय राहिली. ती इथे उतरवतो आहे, कारण हे काम कुणालाही घरी बसून करता येतं.

सुरुवात करण्याआधी दोन समजुती बाजूला ठेवा. परकी फौज आहे म्हणजे सगळं नाटकच, ही एक. रांगा लागल्या म्हणजे लोकशाही आली, ही दुसरी. नोव्हेंबर १९४५ मध्ये ऑस्ट्रियावर चार देशांचा ताबा होता आणि पूर्व भागात सोव्हिएत फौज होती. त्या निवडणुकीत कम्युनिस्टांना १६५ पैकी ४ जागा मिळाल्या. फौज दारात आणि तिचा लाडका पक्ष सपाटून आपटला. उलट एप्रिल १९३८ मध्ये त्याच देशात जर्मन फौज शिरल्यावर महिनाभरात सार्वमत झालं आणि ९९.७ टक्के लोकांनी हिटलरला होकार दिल्याचं जाहीर झालं. देश तोच, परकी फौज दोन्ही वेळा.

‘ताबा’ कशाला म्हणायचं यावरही अडू नका. कागदोपत्री इराकवरचा अमेरिकी ताबा २८ जून २००४ लाच संपला होता. मतदानाच्या दिवशी तिथे सुमारे दीड लाख अमेरिकी सैनिक होते. मी सैनिक मोजतो, कागद नाही.

आता डावं पान. सगळ्यात वर लिहायचं की मतदानाची तारीख कोणी ठरवली आणि ती कोणत्या बाजूला सरकली. निवडणूक पुढे ढकलल्याच्या बातम्या नेहमीच्याच. ती अलीकडे ओढलेली दिसली की लाल पेन काढावं. २७ फेब्रुवारी २०१४ ला बिनबिल्ल्याच्या रशियन बंदूकधाऱ्यांनी युक्रेनमधल्या क्रिमियाची संसद ताब्यात घेतली. सार्वमताची तारीख आधी २५ मे ठरली, मग ३० मार्च, मग १६ मार्च. अडीच आठवड्यांत प्रचार काय होणार आणि विरोधकाने माणसं कधी जमवायची? १९४० मध्ये एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया या बाल्टिक देशांचंही तसंच झालं. जूनच्या मध्यावर निर्वाणीचा इशारा आणि सोव्हिएत फौज, १४ आणि १५ जुलैला मतदान.

घाई नेहमी ताबा घेणाऱ्याचीच असते असं मात्र नाही. इराकमध्ये उलट घडलं. अमेरिकेला आधी निवडक मंडळींच्या बैठकांतून सरकार नेमायचं होतं. थेट मतदानाचा आग्रह धरला तो इराकी शियांचे सर्वांत वजनदार धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानींनी आणि २००४ च्या जानेवारीत त्यासाठी हजारो लोक रस्त्यावर उतरले. ती योजना गुंडाळावी लागली. म्हणजे ज्या निवडणुकीला अनेकांनी ‘अमेरिकेची’ म्हटलं, ती अमेरिकेला त्या रूपात नकोच होती. हे मी वहीत लिहिलं तेव्हा माझाच काही राग निवळला.

दुसरी गोष्ट मतपत्रिका, आणि इथे वेळ घालवा. बातमीतला सारांश पुरत नाही. मतपत्रिकेवरचा मजकूर शोधून शब्दन् शब्द समजून घ्या आणि विचारा, ‘जसं आहे तसं राहू द्या’ असं म्हणणाऱ्याने शिक्का कुठे मारायचा? क्रिमियात दोन पर्याय होते, रशियात सामील व्हायचं की क्रिमियाला जवळपास स्वतंत्र करणारी १९९२ ची राज्यघटना परत आणायची. आहे ती स्थिती हवी असणाऱ्याला खूणच करता येत नव्हती. अधिकृत निकाल जवळजवळ ९७ टक्के. ऑस्ट्रियाची १९३८ ची मतपत्रिका तर बघण्यासारखी आहे, ‘हो’साठी मधोमध मोठं वर्तुळ आणि ‘नाही’साठी कोपऱ्याकडे लहानसं. बाल्टिक देशांत उमेदवारांची यादी एकच होती. दुसऱ्या याद्या घेऊन आलेल्यांना बाद करण्यात आलं.

याच्या शेजारी जानेवारी १९३५ चं, जर्मनी-फ्रान्स सीमेवरच्या आणि तेव्हा राष्ट्रसंघाच्या कारभाराखाली असलेल्या सार प्रांताचं सार्वमत ठेवा. तिथे राष्ट्रसंघाने तीन पर्याय दिले होते, जर्मनी, फ्रान्स किंवा आहे तीच व्यवस्था. पहाऱ्याला ब्रिटन, इटली, स्वीडन आणि नेदरलँड्सचे सैनिक होते, ना जर्मन ना फ्रेंच. तरी ९० टक्क्यांवर मतं जर्मनीला पडली. नाझींची दहशत तिथेही होती, हे खरं. पण मतपत्रिकेत खोट नव्हती आणि बंदूक दावेदाराच्या हातात नव्हती, एवढं पानावर लिहायला हवं.

मग उभं कोण राहू शकलं नाही, ते पाहा. उमेदवारांची यादी सगळे छापतात, गाळलेल्यांची कोणी छापत नाही, म्हणून ती तुम्ही बनवायची. माझं आवडतं उदाहरण बगदादचं. १९२१ मध्ये ब्रिटिशांना इराकच्या गादीवर अरबस्तानातला राजपुत्र फैसल हवा होता. ‘इराक इराकींसाठी’ म्हणणारे सय्यद तालिब हे ब्रिटिशांनीच नेमलेल्या हंगामी सरकारात गृहमंत्री होते. त्यांना ब्रिटिश उच्चायुक्तांच्या घरी चहाला बोलावलं, चहा झाल्यावर बाहेर पडताच पकडलं आणि थेट सिलोनला धाडलं. पुढे सार्वमत झालं आणि फैसलना ९६ टक्के पाठिंबा मिळाल्याचं जाहीर झालं. मतमोजणीत काय घोळ झाला हे शोधत बसायचं कारणच नव्हतं, निकाल चहाच्या टेबलावर लागला होता.

दुसरं उदाहरण मला जास्त छळतं. एप्रिल १९४६ मध्ये अमेरिकी ताब्यातल्या जपानमध्ये मतदान झालं. बायकांनी पहिल्यांदा मत दिलं, ३९ स्त्रिया निवडून आल्या, मोजणीबद्दल फारशी कुरकुर नाही. सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते इचिरो हातोयामा पंतप्रधान होणार, तोच ताबा प्रशासनाने त्यांना सार्वजनिक जीवनातून बाद केलं. योशिदा शिगेरू पंतप्रधान झाले. बंदी मतदानाआधी आली असती तर गोष्ट वेगळी होती. लोकांनी कौल दिल्यावर ती आली. युद्धखोर राजवटीतल्या माणसांना दूर ठेवावं की नाही, यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. ऑस्ट्रियाच्या १९४५ च्या निवडणुकीतही माजी नाझी सदस्यांना मताधिकार नव्हता आणि मला त्याचं फार वाईट वाटत नाही. मी नाव, कारण आणि तारीख लिहितो. तारखेवरून पुष्कळ कळतं.

मतदार कोण, हा पुढचा रकाना. पश्चिम पापुआत १९६९ मध्ये इंडोनेशियाने, आपल्यात राहायचं की नाही यावर, ‘स्वेच्छेची निवड’ घेतली. लोकसंख्या सुमारे ८ लाख, मत देणारे निवडलेले हजारभर प्रतिनिधी, निकाल एकमताने इंडोनेशियाच्या बाजूने. नावातली ‘स्वेच्छा’ वाचून फसायचं नाही, हा माझा नियम तिथून आला. इराकमध्ये मतदारयादी रेशनच्या नोंदींवरून केली होती. गैरसोयीच्या काळात तोडगा म्हणून ठीक, पण ज्या नोंदीवर पीठ-साखर मिळते तीच नोंद मताला लावली की घाबरणारा माणूस घाबरणारच.

टक्केवारी दिसली की ‘कशाचे टक्के?’ असं विचारायची सवय लावून घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये युक्रेनच्या चार प्रांतांत रशियाच्या ताब्याखाली पाच दिवस मतदान घेतलं. असंख्य लोक घरं सोडून गेले होते, काही भागांत लढाई चालू होती आणि मतपेटी घेऊन दारोदार फिरणाऱ्यांसोबत सशस्त्र माणसं होती. दोनेत्स्कचा आकडा जाहीर झाला ९९.२३ टक्के. दशांश चिन्हापुढचे दोन अंक हे अचूकपणाचं सोंग असतं. भागाकारात खाली कोणती संख्या धरली तेच जिथे धड माहीत नाही, तिथे दोन दशांशांपर्यंत उत्तर कसं येईल? खेरसोनमध्ये ८७ टक्क्यांनी होकार दिल्याचं सांगितलं होतं. ११ नोव्हेंबरला युक्रेनची फौज त्या शहरात शिरली तेव्हा चौकात तिच्या स्वागताला लोक जमले होते.

इथे एक फरक ध्यानात ठेवा, कारण यात मी पुन्हा एकदा फसलो होतो. इंडोनेशियाच्या ताब्यातल्या पूर्व तिमोरमध्ये ३० ऑगस्ट १९९९ ला ९८ टक्क्यांवर मतदान झालं. जुनी वही चाळताना मी त्यावर लाल खूण केली. मग कौल पाहिला, ७८.५ टक्के स्वातंत्र्याच्या बाजूने, २१.५ विरुद्ध. रांगेत सगळे उभे राहिले तरी मतं फाटलेली होती आणि बंदोबस्त ज्याचा, तो इंडोनेशिया हरला होता. लाल खूण खोडावी लागली. मतदान भरमसाट असणं वेगळं, मत एकसारखं असणं वेगळं.

निरीक्षकांबद्दल फार लिहीत नाही. त्यांच्या पत्रकाची डेटलाइन, म्हणजे ते कुठून निघालं ते, बघा. इराकवर २००५ मध्ये लक्ष ठेवणारं आंतरराष्ट्रीय पथक मुख्यतः जॉर्डनच्या अम्मानमध्ये बसलं होतं. सुरक्षेचं कारण खरंच होतं, पण शेजारच्या देशातून मतदान केंद्र दिसत नाही.

शिवणीतला दिवस लवकर आटोपा. ऑक्टोबर २००४ मध्ये अफगाणिस्तानात बोटावरची शाई पुसली जातेय असा गलका झाला, दुपारपर्यंत बहुतेक उमेदवारांनी बहिष्कार पुकारला आणि मी निम्मं पान शाईवर खर्च केलं. हंगामी अध्यक्ष करझाई ५५ टक्क्यांनी जिंकले आणि शाईचा विषय विरला. शाईचा फोटो चांगला येतो, एवढंच. पाच वर्षांनी मात्र खरा घोटाळा पेट्यांत होता. तक्रार आयोगाने इतकी मतं बाद केली की करझाई ५० टक्क्यांखाली आले. म्हणजे शिवण कोरीही सोडायची नाही.

उजव्या पानावर एकच प्रश्न वर लिहा. बंदूकवाल्याला न आवडणारा निकाल लागला असता तर काय झालं असतं? आणि लागला असेल, तर काय झालं? पूर्व तिमोरमध्ये निकालानंतर जाळपोळ आणि हत्या झाल्या, लाखो लोक बेघर झाले, २० सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय फौज उतरली. निकाल टिकला, पण किंमत मोजून. जानेवारी २००६ मध्ये पॅलेस्टिनी निवडणुकीत हमासला १३२ पैकी ७४ जागा मिळाल्या. परदेशी निरीक्षकांनी मतदानाला चांगलं म्हटलं. मग पाश्चात्त्य मदत थांबली आणि काही महिन्यांत इस्रायलने हमासचे अनेक मंत्री आणि खासदार पकडले. डावं पान बऱ्यापैकी स्वच्छ, उजवं बघवत नाही.

निवडून आलेल्यांनी पहिलं काम कोणतं केलं, हेही इथेच नोंदवा. बाल्टिक देशांतल्या नव्या संसदा २१ जुलै १९४० ला भरल्या आणि त्यांनी सोव्हिएत संघात सामील करून घेण्याची मागणी केली. प्रचारात त्याचा उच्चारही झाला नव्हता.

हे पान लवकर मिटू नका. इराकचंच बघा. ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यघटनेवर सार्वमत झालं. जानेवारीत २ टक्के मतदान करणारा अनबार या वेळी बाहेर पडला आणि ९७ टक्क्यांनी ‘नाही’ म्हणाला. घटना पाडायला तीन प्रांतांत दोन तृतीयांश नकार हवा होता. सलाहुद्दीननेही तो भरघोस दिला. तिसऱ्या निनेवेत नकार ५५ टक्क्यांवर अडला आणि घटना मंजूर झाली.

दोन्ही पानं भरली की ‘न्याय्य’ किंवा ‘बनावट’ असा एक शब्द लिहायचा मोह होतो. मी तो टाळतो आणि त्याऐवजी मथळा लिहून बघतो. २००५ चा माझा मथळा आता असा आहे : ‘इराकमध्ये ५८ टक्के, अनबारमध्ये २ टक्के मतदान’. जुना सहकारी म्हणाला, दोन आकडे एका मथळ्यात मावत नाहीत. आठ कॉलममध्ये मावतात, मोजून पाहिलंय.