जुन्या अमेरिकेतल्या मातीच्या भांड्यांवरचे प्राणी: ओळखताना (आणि बनवताना) या चुका टाळा

कोलंबस पोचायच्या आधीची अमेरिकेतली भांडी बघायला लागलं की पहिल्यांदा लक्ष जातं ते प्राण्याकडेच आणि गडबड तिथूनच सुरू होते. माझंही तेच झालं, घुबड दिसलं की लक्ष्मीचं वाहन नाहीतर अपशकुन, माकड दिसलं की मारुती, डोकं आपोआप तिकडेच पळतं. पण पेरूतल्या मोचे लोकांच्या भांड्यांवर घुबड चक्क योद्ध्याच्या वेषात येतं, बळी देण्याच्या प्रसंगांशी जोडलेलं असतं, आणि हरीण कधीकधी गळ्यात दोर बांधलेला कैदी होऊन बसलेलं असतं. आपला अर्थ त्यांच्यावर लादायचा नाही, एवढं पाळलं तरी अर्धं काम झालं.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे पेरूचं काहीही दिसलं की "इंका" म्हणून मोकळं होणं. अहो, मोचे साधारण इ.स. १०० ते ८०० मधले, पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरचे. इंकांचं साम्राज्य पसरलं पंधराव्या शतकात, मधे सहा-सातशे वर्षं गेली की!

मग ओळखायचं कसं? प्राणी सोडा, आधी भांड्याचं तोंड बघा. भांड्यातून दोन नळ्या कमानीसारख्या वर येऊन एका तोंडाला मिळत असतील तर बहुतेक वेळा उत्तर पेरू. दोन वेगवेगळ्या तोट्या आणि मधे पुलासारखी मूठ असेल, वर भरपूर रंग असतील, तर दक्षिण किनाऱ्यावरचे नास्का असण्याचा चान्स जास्त. भांडं काळंभोर चकचकीत आणि नळीच्या सांध्यावर एवढंसं माकड बसलेलं असेल तर मोचेंच्या नंतरचे चिमू लोक आठवा, भट्टीत हवा कोंडून धुरात भाजल्यामुळे तो काळा रंग येतो. पेरूचे पुरातत्त्व अभ्यासक रफाएल लार्को ओइले यांनी तर १९४८ मध्ये मोचे भांड्यांचे पाच टप्पे पाडले ते मुख्यतः या तोंडाच्या आकारावरूनच. लिमातल्या लार्को म्युझियमचा कॅटलॉग ऑनलाइन बघता येतो, एक रविवार घालवा त्यात, डोळा तयार होतो.

गंमत म्हणजे त्या कमानीवाल्या तोंडाला इंग्रजीत रिकिबीचं नाव आहे, आणि ज्या कुंभारांनी ते घडवलं त्यांनी आयुष्यात ना रिकीब बघितली ना घोडा. त्या काळात अमेरिकेत घोडाच नव्हता, तो स्पॅनिश लोकांनी आणला. म्हणून "अस्सल, दोन हजार वर्षं जुनं" सांगून कोणी घोडा, गाय किंवा कोंबडी असलेलं भांडं दाखवलं तर हात जोडून निघा. लामा, गिनीपिग, बदक, कुत्रा हे चालतील. आणि ठिपक्यांच्या मोठ्या मांजराला वाघ म्हणू नका प्लीज, तो जॅग्वार.

नास्का भांड्यांवरचा "मासा" पण नीट बघा, पोटाखालून माणसाचा हात आलाय का? त्या हातात सुरी किंवा कापलेलं मुंडकं असेल तर तो मासा नाहीच, ऑर्का आहे, किलर व्हेल म्हणतात तो.

आता कोलिमाचा कुत्रा, माझा लाडका. पश्चिम मेक्सिकोतल्या खोल विहिरीसारख्या थडग्यांमध्ये साधारण इ.स.पू. ३०० ते इ.स. ३०० या काळात ठेवलेले हे लाल, गुटगुटीत, आखूड पायांचे कुत्रे. "मेलेल्याला वाट दाखवणारा कुत्रा" एवढंच सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ती गोष्ट आपल्याला मुख्यतः कित्येक शतकांनंतरच्या अझ्टेकांकडून कळलीये, आणि पोट एवढं सुटलंय म्हटल्यावर खाण्यासाठी पोसलेला असेल हीही शक्यता अभ्यासक धरतातच. दोन्ही खरं असू शकतं.

हा कुत्रा मी पॉटरीच्या क्लासमध्ये बनवायला घेतला आणि भट्टीत फुटला, शेजारच्यांचे दोन मग घेऊन गेला, फार ओशाळायला झालं. कारण साधं होतं, अस्सल कुत्र्याच्या शेपटीला किंवा डोक्यावर तोटीचं तोंड असतं ते मला "दिसायला बरं नाही" वाटलं म्हणून मी पोकळ पोट सगळीकडून बंद केलं, भिंती जाड ठेवल्या, वर नीट वाळायच्या आधीच भाजायला दिला. आतली ओल वाफ झाली, तिला जायला जागा नाही. तेव्हा तोंड ठेवा, भिंत सगळीकडे सारखी ठेवा, पोट वळ्या रचून करा (चाक त्यांच्याकडेही नव्हतं) आणि पावसाळ्यात तर सुकायला दुप्पट दिवस द्या.

दुसरा कुत्रा शेपटीच्या तोटीसकट शाबूत निघाला. फक्त ती चमक लाल मातीचा पातळ थर देऊन, अर्धवट सुकल्यावर गुळगुळीत दगडाने घोटून येते हे मला नंतर कळलं, मी हौसेने वरून ट्रान्सपरंट ग्लेझ मारून बसले होते. आता तो टीव्हीशेजारी बाथरूमच्या टाइलसारखा चकाकत बसलाय.